खांदा, आसन आणि कापड : पुरुषांनी कपडे घेताना नेमके काय पाहावे

चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी मी एका मोठ्या दुकानातून सवलतीत दोन शर्ट घेतले. छातीला ठीक होते, लांबी ठीक होती, रंग मनासारखा होता. खांद्याची शिवण मात्र खांद्याचे हाड ओलांडून जवळजवळ दीड इंच दंडावर उतरली होती आणि आरशासमोर उभा असताना ती माझ्या लक्षातही आली नव्हती, कारण माझे सगळे लक्ष पोटावरच्या बटणांकडे होते. घरी आल्यावर चूक कळली, म्हणून दोन्ही शर्ट अल्टरेशन करणाऱ्या काकांकडे नेले. त्यांनी शर्ट उलटा केला, बाही जिथे अंगाला जोडली जाते ती गोलाई, म्हणजे मुंढा, अंगठ्याने चाचपली आणि म्हणाले, “दादा, बगलेतून आत घेऊन देतो, बाही आखूड करून देतो, पण खांद्याला हात लावायला सांगू नका. खांदा आत घ्यायचा म्हणजे बाही उसवायची, मुंढा पुन्हा कापायचा, बाहीची गोलाई त्याला जुळवायची. तेवढ्यात नवा शर्ट शिवून होतो.”

पुरुषांच्या कपडेखरेदीत मला जे सांगायचे आहे ते सगळे काकांच्या या बोलण्यातून निघते. कपड्यात दोन प्रकारचे दोष असतात : शिंपी पन्नास-शंभर रुपयांत काढून देतो ते, आणि कोणालाच काढता येत नाहीत ते. आपण बहुतेक जण दुकानात पहिल्या प्रकारचे दोष शोधत बसतो, बाही अर्धा इंच लांब आहे म्हणून चांगला शर्ट परत टांगतो आणि खांदा उतरलेला शर्ट खुशाल घेऊन येतो. हा क्रम उलटा केला, म्हणजे दुरुस्त न होणाऱ्या गोष्टी आधी तपासल्या, तर खरेदीला वेळही कमी लागतो आणि कपाटात न वापरलेले कपडे साचत नाहीत. शर्टात अशा दुरुस्त न होणाऱ्या गोष्टी म्हणजे खांदा, मुंढा आणि कॉलर, पँटमध्ये आसन, आणि दोन्हींत कापड.

खांद्याची परीक्षा सोपी आहे. खांदा आणि दंड यांच्या सांध्यावर बोट ठेवले की हाडाचा टोकाचा उंचवटा लागतो. शिवण तिथेच यायला हवी. ती मानेकडे सरकलेली असेल तर हात पुढे करताना पाठ ताणली जाते, दंडाकडे उतरलेली असेल तर बाहीचा वरचा भाग लोंबतो आणि माणूस थोरल्या भावाचा शर्ट घातल्यासारखा दिसतो. (मुद्दाम ढगळ शिवलेले शर्ट हल्ली मिळतात, त्यांची गोष्ट वेगळी, पण तेही कळून-सवरून घ्यावेत.) मुंढ्याकडे तर कोणीच पाहत नाही. बाही जोडण्यासाठी ठेवलेले हे भोक जितके खाली, तितकी हात वर केल्यावर शर्टाची संपूर्ण बाजू वर खेचली जाते. लोकलमध्ये कडी धरून उभे राहणाऱ्या, फळ्यावर लिहिणाऱ्या किंवा वरच्या फळीवरून माल काढणाऱ्या माणसाचा खोचलेला शर्ट दिवसभर बाहेर येतो, तो बहुधा लांबी कमी असल्यामुळे नव्हे, तर मुंढा खोल असल्यामुळे. मुंढा बगलेजवळ पण न रुतता बसला, की छातीला शर्ट जरा सैल असूनही हात मोकळा चालतो. म्हणून ट्रायल रूममध्ये सावधान स्थितीत उभे राहून स्वतःला पाहण्याचा फारसा उपयोग नाही. दोन्ही हात डोक्याच्या वर न्यावेत, मग पुढे करून स्वतःलाच मिठी मारल्यासारखे आवळावेत, आणि खाली बसून उठावे. या तीन हालचालींनंतर शर्ट पुन्हा जागच्या जागी आला तर तो आपल्या अंगाचा आहे.

कॉलरचे शेवटचे बटण लावल्यावर मान आणि कॉलर यांच्यामध्ये दोन बोटे सहज जावीत. आपल्याला ते बटण कधीच लावायचे नसेल, तर ही अट थोडी सैल धरली तरी चालते. टाय लावणाऱ्याने मात्र ती सोडू नये.

इथे आकड्यांचा घोळ समजून घ्यायला हवा, कारण दुकानात गेल्यावर विक्रेता पहिला प्रश्न “साइझ काय?” असाच विचारतो. ऑफिसला घालायच्या शर्टांवर ३८, ३९, ४०, ४२, ४४ असे आकडे असतात आणि पुष्कळांना ती छातीची मापे वाटतात. छातीची मापे दोन-दोन इंचांनी वाढतात, मग मध्येच ३९ कुठून आला? तो आला, कारण अशा अनेक शर्टांवरचा आकडा कॉलरचा घेर सांगतो, आणि तोही सेंटिमीटरमध्ये. ३९ म्हणजे साधारण साडेपंधरा इंचांची कॉलर. याउलट ब्लेझरवरचा आणि बऱ्याच कॅज्युअल शर्टांवरचा ४० हा छातीचा, इंचांतला आकडा असतो. त्यामुळे “मला चाळीस लागतो” हे वाक्य एका दुकानात खरे आणि शेजारच्या दुकानात खोटे ठरू शकते. पँटच्या कमरेचा आकडा तरी इंचांचा असतो, पण ३४ लिहिलेली पँट टेपने मोजली तर ३५ किंवा ३६ भरते, असा अनुभव अनेकांना आला असेल. गिऱ्हाइकाला आपली कंबर वाढलेली नाही असे वाटावे म्हणून काही कंपन्या मुद्दाम तसे करतात. भारतीय शरीरांसाठी समान मापश्रेणी असावी म्हणून केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या पाठिंब्याने एनआयएफटी (निफ्ट, राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था) या संस्थेने त्रिमितीय स्कॅनरने देशभरातल्या हजारो लोकांची मापे घेण्याचा प्रकल्प हाती घेतला. अशी एकच श्रेणी सगळ्या लेबलांवर येईपर्यंत आकडा हा त्या त्या कंपनीचा आकडा समजावा आणि अंगावर घालून पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

पँटमध्ये खांद्याची जागा आसनाने घेतली आहे. कमरेच्या पट्ट्यापासून दोन पाय जिथे जुळतात तिथपर्यंतची उंची म्हणजे आसन. आपल्यातले कित्येक जण पोट सुटल्यावर पँट पोटाच्या खाली बांधू लागतात, आणि मग बेंबीजवळ बांधण्यासाठी बेतलेली उंच आसनाची पँट खाली लोंबते, तर कमी आसनाची पँट खुर्चीत बसताच मागून उतरते. यापैकी कुठलीच गोष्ट शिंपी नीट दुरुस्त करू शकत नाही. म्हणून पँट घालून ट्रायल रूममधल्या बाकावर बसून पाहावे, बाक नसेल तर उकिडवे बसावे. मांड्यांवर आडव्या ताणलेल्या रेषा दिसल्या किंवा खिशांची तोंडे कानांसारखी बाहेर आली, तर ती पँट घट्ट आहे. “दोन महिन्यांत वजन उतरवणार आहे” या भरवशावर घेतलेल्या घट्ट पँटा कपाटात तशाच पडून राहिलेल्या मी अनेक घरांत पाहिल्या आहेत. आजच्या कमरेसाठी घ्यावी. कमी झालेल्या कमरेला मागची शिवण आत घेता येते.

उलट, कंबर वाढली तर पँट सैल करता येईल का, याचे उत्तर पँट उलटी केल्यावर मिळते. शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड सोडलेले असते, त्याला आपले शिंपी माया म्हणतात. मागच्या मधल्या शिवणीत दीड इंच माया असेल तर पँट पुढे इंच-दीड इंच वाढवता येते. शिवण कडेपर्यंत कापून इंटरलॉक मारलेली असेल तर ती जशी आहे तशीच राहणार. मोठ्या प्रमाणावर माल शिवताना प्रत्येक नगामागे वाचलेले बोटभर कापड हजारो नगांत मोठी रक्कम होते, म्हणून तयार कपड्यांत माया कमी असते. वाढत्या वयाच्या मुलांसाठी आणि वजन वर-खाली होणाऱ्यांसाठी ही गोष्ट रंगापेक्षा महत्त्वाची आहे. लांबी, मोहरी (पँटच्या पायाचा तळाचा घेर), बाही, शर्टाच्या बाजू, बटणे, चेन, खिशाचे फाटलेले अस्तर या सगळ्या सहज होणाऱ्या दुरुस्त्या आहेत आणि खरेदीच्या वेळी त्यांची फार चिंता करू नये. फक्त सुती पँट किंवा जीन्स एकदा धुतल्यावरच खालून कापायला द्यावी, कारण सुती कापड लांबीत आटते आणि कापलेले परत येत नाही.

कापड का आटते, हे समजले तर अनेक फसवणुकी टळतात. सूत कातताना, विणताना आणि रंगवताना धागा सतत ताणात ठेवलेला असतो. पहिल्यांदा पाण्यात पडल्यावर तो ताण सुटतो, धागा फुगतो आणि कापड मूळच्या लांबीकडे परत जाते. कोऱ्या सुती कापडात हे आटणे शेकडा तीन ते पाच सहज असू शकते. ४० इंचांच्या पँटला शेकडा तीन म्हणजे सव्वा इंच, आणि तेवढ्यात पायमोजे दिसू लागतात. यावर उपाय म्हणून सॅनफोर्ड क्लूएट या अमेरिकी माणसाने कापड यंत्रात दाबून आधीच आटवून घेण्याची पद्धत शोधली आणि १९३० साली तिचे पेटंट घेतले. कापडाच्या काठावर पूर्वी दिसणारा सॅनफोराइज्ड हा शब्द त्याच्या नावावरून आला. चांगल्या गिरण्यांचे शर्टिंग आज अशाच प्रक्रियेतून येते. खादी आणि हातमागाचे कापड तसे नसते, म्हणून ते शिवायला टाकण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून द्यावे. जुनी माणसे हे न सांगता करत असत.

कापडाचा दर्जा सांगताना विक्रेता “साठ काउंट”, “ऐंशी डबल” असे आकडे सांगतो. काउंट म्हणजे धाग्याचा बारीकपणा. एक पौंड कापसापासून ८४० यार्डांच्या जितक्या लडी निघतात, तितका त्या धाग्याचा काउंट. ४० काउंटचे एक पौंड सूत म्हणजे सुमारे ३० किलोमीटर लांब धागा, आणि ८० काउंटचे त्याच्या दुप्पट. धागा जितका बारीक, तितके कापड मऊ आणि झिरझिरीत. डबल म्हणजे असे दोन धागे एकत्र पिळलेले, त्यामुळे बारीकपणा राखून मजबुती येते. परंतु काउंट मोठा म्हणजे कापड सगळ्यांसाठी चांगले, असा अर्थ नाही. रोज लोकलने किंवा एसटीने जाणाऱ्या, पाठीवर बॅग लावणाऱ्या माणसाला ४० किंवा ५० काउंटचे कापड जास्त टिकेल. १०० काउंटचे तलम कापड बॅगेच्या पट्ट्याखाली लवकर विरते. “कोम्ब्ड” असे लिहिलेले असेल तर सूत कातण्याआधी कापसातले आखूड तंतू विंचरून काढलेले असतात, आणि असे कापड गोळे कमी धरते. माझ्या मते रोजच्या वापरासाठी मोठ्या काउंटपेक्षा हा शब्द जास्त मोलाचा आहे.

सुती घ्यावे की मिश्र, या प्रश्नावर आपल्या हवेचा विचार करायला हवा. कापूस दमट हवेत स्वतःच्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा हवेतून शोषून धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. मुंबईत किंवा कोकणात मे महिन्यात पॉलिस्टरचा शर्ट अंगाला का चिकटतो, ते यावरून कळते : घाम कापडात शिरत नाही, तो कातडीवरच राहतो. मात्र हाच गुण पावसाळ्यात उलटा पडतो. सुती शर्ट जुलैमध्ये दोन-दोन दिवस वाळत नाही आणि त्याला कुबट वास येतो, तर टेरिकॉट (पॉलिस्टर आणि सुताचे मिश्र कापड) रात्रीत वाळतो आणि इस्त्रीही कमी मागतो. म्हणून ज्याच्याकडे पाचच शर्ट असणार आहेत, त्याने तीन-चार सुती आणि पावसासाठी एक-दोन मिश्र कापडाचे ठेवणे शहाणपणाचे आहे. लिनन कापसाहूनही जास्त ओलावा ओढते आणि उन्हाळ्यात त्याच्यासारखे सुख नाही, पण ते चुरगळणारच आणि चुरगळलेलेच चांगले दिसते, हे ज्याला पटत नाही त्याने ते घेऊ नये. “सॉफ्ट कॉटन” म्हणून दाखवल्या जाणाऱ्या सुळसुळीत कापडाच्या आतल्या लेबलावर व्हिस्कोस किंवा रेयॉन लिहिले आहे का, हे पाहून घ्यावे. ते अंगाला गार लागते, पण ओले असताना त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते, त्यामुळे ब्रशने घासून धुणाऱ्या घरात ते टिकत नाही.

लेबलावर विश्वास नसेल तर कापड सुती आहे की पॉलिस्टर, याची एक परीक्षा घरी करता येते. पँट आखूड केल्यावर उरलेली चिंधी चिमट्यात धरून, पाण्याचे भांडे शेजारी ठेवून, जाळावी. सुती चिंधी कागद जळल्यासारखा वास देते आणि तिची मऊ राख बोटांनी पुसली जाते. पॉलिस्टर वितळते, काळा धूर सोडते आणि गार झाल्यावर कडक मणी उरतो. दुकानात मात्र हातांवरच भागवावे लागते. कापड मुठीत दहा सेकंद आवळून सोडावे, ते किती चुरगळते ते पाहावे. दोन बोटांत धरून एकमेकांवर जोरात घासावे. पांढरी भुकटी पडली तर कापडाला खळ भरून जाडपणा आणलेला आहे आणि पहिल्या धुण्यात ते विरळ होईल. रंग नेहमी दुकानाच्या दारात नेऊन उजेडात पाहावा. आतल्या दिव्यांखाली काळी दिसणारी पँट दारात गडद निळी निघते आणि मग ती काळ्या बुटांशी किंवा ब्लेझरशी जुळत नाही.

शिलाई पाहायला फार वेळ लागत नाही. अंगठ्याचे वरचे पेर साधारण एक इंच असते. शर्टाच्या बाजूच्या शिवणीवर ते ठेवून त्याच्या शेजारचे टाके मोजावेत. चांगल्या शर्टात इंचाला चौदा-पंधरापेक्षा कमी टाके सहसा नसतात. दहा-बारा असतील तर घाईने शिवलेला माल समजावा. चौकड्यांचा शर्ट असेल तर बटणपट्टीच्या दोन्ही बाजूंच्या आणि खिशावरच्या रेघा जुळतात का ते पाहावे, कारण त्या जुळवायला कापड जास्त लागते आणि कारागिराला थांबावे लागते. जिथे हे कष्ट घेतले आहेत, तिथे आत न दिसणाऱ्या जागीही घेतले असण्याची शक्यता मोठी. कॉलरमध्ये कडकपणासाठी चिकटवलेले बकरम हलके असेल तर काही धुण्यांनंतर कॉलरवर फुगे येतात, आणि ते इस्त्रीने बसत नाहीत. कॉलर दोन बोटांत चोळल्यावर आतला थर वरच्या कापडापासून सुटा सरकत असेल, तर तो शर्ट ठेवून द्यावा.

ज्यांचे अंग तयार मापांत बसत नाही, म्हणजे एक खांदा खाली असलेले, हात लांब असलेले, छातीपेक्षा पोट मोठे असलेले, त्यांनी कापड घेऊन शिवणे अजूनही उत्तम आहे. त्याची सोय आपल्याकडे भरपूर आहे. इचलकरंजी, मालेगाव आणि भिवंडीचे माग, मुंबईचे मंगलदास मार्केट, पुण्याचा लक्ष्मी रस्ता, कोल्हापूरजवळचे गांधीनगर, नागपूरचे गांधीबाग, इतकी जवळ कापडाची खाण असताना खांदा उतरलेला शर्ट घालून फिरण्याची गरज नाही. कापड घेताना पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारावा, मगच मीटर ठरवावेत. पूर्ण बाहीच्या शर्टाला ५८ इंच पन्ह्याचे साधारण १.६ मीटर आणि ३६ इंच पन्ह्याचे अडीच मीटर लागते. अंग उंच किंवा भारदस्त असेल तर शिंप्याला विचारून थोडे जास्त घ्यावे. मीटरचा भाव कमी दिसतो तेव्हा पन्हा कमी नाही ना, हे आधी पाहावे. शिंप्याकडे मापे देताना रोज घालतो तेच बूट, तोच बनियन घालून जावे, पोट आत ओढू नये, आणि ज्या शर्टात आपल्याला सगळ्यांत मोकळे वाटते तो सोबत न्यावा. तो शर्ट शिंप्याला शंभर शब्दांपेक्षा जास्त सांगतो.

तोच शर्ट ऑनलाइन खरेदीतही कामाला येतो. तो पलंगावर सपाट पसरून खांद्याच्या एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत, एका बगलेपासून दुसऱ्या बगलेपर्यंत आणि कॉलरच्या खालपासून काठापर्यंत मोजावे आणि हे तीन आकडे फोनमध्ये लिहून ठेवावेत. साइटवरच्या तक्त्यात दिलेली मापे अंगाची आहेत की कपड्याची, हे आधी पाहावे. कपड्याची असतील तर आपल्या तीन आकड्यांशी थेट ताडता येतात. अंगाची असतील तर छातीत तीन-चार इंचांची सैल जागा कपड्यात धरलेली असते, हे लक्षात ठेवावे.

किमतीबद्दल एक नवी गोष्ट माहीत असावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्याच्या एका नगाची विक्रीकिंमत २,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के आणि त्याहून जास्त असेल तर १८ टक्के लागतो. म्हणून अडीच हजारांच्या जरा वर असलेला शर्ट घेताना, सवलतीनंतर तो सीमेच्या आत येतो का, ते बिल करण्यापूर्वी विचारावे; दोघांमधला करातला फरक सव्वातीनशे रुपयांच्या आसपास जातो. सवलतीच्या पाटीवरचा टक्का मात्र वाचूच नये, फक्त शेवटची किंमत वाचावी आणि हा कपडा पूर्ण किमतीला असता तर आपण हातात तरी घेतला असता का, असे स्वतःला विचारावे. माझे ते दोन शर्ट मी घेतले नसते.

बिल घ्यावे आणि ते फेकू नये. “एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही” अशी पाटी किंवा बिलावरची ओळ वाचून पुष्कळ जण गप्प बसतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष माल परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत, आणि नसेल तर तीस दिवसांच्या आत तो परत करता येतो. मन बदलले किंवा घरी रंग आवडला नाही, हा दोष नव्हे आणि त्यासाठी दुकानदाराशी भांडू नये. रंग सुटणे, शिवण उसवणे, कॉलरवर फुगे येणे, हे मात्र दोष आहेत. दुकानदार ऐकत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

म्हणूनच नवा कपडा लग्नासाठी किंवा सणासाठी जपून कपाटात ठेवू नये. आणल्यावर आठवड्याभरात, लेबलावर लिहिले असेल तसा, तो एकदा वेगळा धुवावा. पाण्याचा रंग पाहावा, वाळल्यावर पुन्हा अंगात घालून हात वर करून पाहावे, कॉलरवर बोट फिरवावे आणि काजांचे सुटलेले धागे तपासावेत. दोष निघालाच तर तो कपडा आणि बिल घेऊन त्याच आठवड्यात दुकानात जावे.